क्लेगसाहेबांचं सहज येणं

इंग्रजांनी आमच्या इजिप्तचं जे काही नुकसान केलं ते मी एक वेळ माफ करीन. पण साध्यासुध्या क्रियापदांना 'इन', 'आउट', 'अप', 'ऑफ' अशी शेपटं लावून त्यांनी जो उच्छाद मांडलाय, त्याला माफी नाही. मन्सुरा शहरातल्या एका भाषा-केंद्रात मी ही शेपटं शिकवतो. लोक मला उस्ताज रऊफ म्हणतात, आणि शेपटांच्या बाबतीत माझा शब्द अखेरचा मानतात. निदान मी तरी मानतो.

त्या दिवशी फळ्यावर 'ड्रॉप इन' होतं. अर्थ : न कळवता, काही काम नसताना, सहज कुणाच्या घरी डोकावणं. वापर : ओळखीपाळखीच्या माणसांसाठी. मुक्काम : फार तर पाव तास. हा पाव तास कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही, ती माझी स्वतःची भर. मागच्या बाकावर मिस्टर क्लेग बसले होते. आमचं शिकवणं बघायला हे गृहस्थ एका सत्रापुरते इंग्लंडहून आले होते. उंच, वाळलेले, साठीच्या घरातले, आणि चेहरा असा की यांना आनंद झालाय का पोटात दुखतंय, काही कळू नये. आता खुद्द इंग्रज समोर असताना पुस्तकातलं मुळमुळीत उदाहरण द्यायला मी काय नवशिका आहे? मी झोकात हात पुढे केला आणि म्हणालो, "मिस्टर क्लेग, यू मस्ट ड्रॉप इन समटाइम!" वर्गानं टाळ्या वाजवल्या. क्लेगनी मान तुकवली. मी फळा पुसला. माझ्या लेखी विषय संपला.

आमची एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मलाच दोष देऊन मोकळे व्हाल. आमच्याकडे घास तोंडाशी नेताना समोरून कुणी गेलं तर "या, बसा जेवायला" म्हणतात, आणि तो माणूस "चालू द्या तुमचं" म्हणून पुढे जातो. जिन्यात शेजारी भेटला तर "चला, चहा घेऊन जा" म्हणायचं आणि त्यानं छातीवर हात ठेवून नको म्हणायचं. नाईलच्या मधोमध चाललेला नावाडी काठावरच्या माणसाला ओरडून जेवायला बोलावतो, तेव्हा तो काही नाव वळवत नाही. असल्या आमंत्रणाला आम्ही नावाड्याचं बोलावणंच म्हणतो. तीनदा आग्रह, तीनदा नकार, दोघेही खूश. यात खोटेपणा शोधणाऱ्यानं खुशाल शोधावा. ही सभ्यता आहे, आणि ती इंग्रजांच्या गावीही नाही.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून मी घरी आलो. माझी बायको नाहिद हिनं बदक भाजलं होतं. टेबलावर चर्चा नेहमीचीच होती : आमच्या दालियाचं लग्न. हाझिम नावाचा एक दंतवैद्य तिला पसंत होता, त्याला ती पसंत होती, आणि मला कुणी विचारतच नव्हतं. घोडं अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. मॅडम शाहिंदा. नवऱ्यामागे औषधांचं दुकान एकहाती चालवणारी ही बाई. तिनं आमच्या घरी यायचं, घर बघायचं, माणसं बघायची, आणि मग फातिहा वाचून लग्न ठरायचं. तिला सवड फक्त शुक्रवारी. आणि ती काही येत नव्हती.

एवढ्यात बेल वाजली. मॅडम आल्या की काय म्हणून नाहिदनं ॲप्रन भिरकावला. दारात मिस्टर क्लेग! हातात बिस्किटांचा पुडा.

"ड्रॉप इन केलं," ते म्हणाले. पहिल्या बाकावरचं पोर पाठ झालेला धडा म्हणून दाखवतं ना, तसं.

आता दारातल्या माणसाला काय हाकलून देऊ? मी म्हणालो, "या या, घर उजळलं!" नाहिदनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"हा कोण?"

"आमचे मोठे साहेब आहेत. इंग्लंडहून आलेत."

"जेवणार आहे का?"

"छे! तीनदा विचारायचं, ते तीनदा नाही म्हणतील. संपलं."

मी बाहेर येऊन एकदा विचारलं, आणि क्लेग "थँक यू" म्हणून बसलेसुद्धा! पहिल्याच हाकेला! बदकाची एक तंगडी दालियासाठी ठेवलेली असते, ती त्या दिवशी इंग्लंडच्या पानात गेली.

बरोब्बर पाव तासानं ते उठले. माझा पाव तास! शिकवलेलं इतकं मनावर घेणारा विद्यार्थी मला उभ्या जन्मात भेटला नव्हता. माझा ऊर भरून आला, आणि त्या भरल्या उरानं मी सवयीप्रमाणे बोलून गेलो, "अहो बसा हो, इतक्यात कुठे निघालात?" क्लेग बसले. चहानंतर पुन्हा उठले. मी म्हणालो, "असं कसं? बस्बूसा खाल्ल्याशिवाय सोडणार नाही." पुन्हा बसले. रव्याची ती वडी त्यांनी औषधासारखी गिळली आणि बसून राहिले. दिवे लागले तरी बसलेले. पुढे कळलं की त्यांच्याकडे एक पुस्तक होतं आणि त्यात लिहिलं होतं की या देशात यजमानानं थांबा म्हटल्यावर उठणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. ते पुस्तक ज्या कुणा शहाण्यानं लिहिलं, त्याला आमच्याकडच्या एखाद्या सासूच्या तावडीत द्यायला हवं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा बेल. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. तोच पुडा, तेच "ड्रॉप इन केलं", तेच पाव तासानं उठणं, आणि तोच मी, "बसा हो" म्हणणारा. बरं, गृहस्थाला मजा वाटत होती म्हणावं तर तेही नाही. नाहिदची मुलुखिया बघून त्यांचा चेहरा पडायचा. हिरव्या बुळबुळीत भाजीचा प्रत्येक घोट ते डोळे मिटून घ्यायचे. तरी यायचे; का, तर माझा अपमान होऊ नये. आणि मी वाढायचो. का, तर त्यांचा होऊ नये. दोन सुशिक्षित माणसं एकमेकांच्या मानापायी दर शुक्रवारी अशी जिवंतपणी मरत होती.

"तू त्याला सांगून टाक, येऊ नका म्हणून," नाहिद म्हणाली.

"असं सांगता येत नाही."

"का? एवढी शेपटं शिकवतोस, 'येऊ नका'ला त्यांच्यात शेपूट नाही? उद्या शाहिंदा उगवली आणि हा इथे मोजे घालून बसलेला असला, तर काय सांगू तिला? आमचा घरजावई म्हणू?"

मी वरच्या मजल्यावरच्या उस्ताज मक्रमकडे गेलो. हे कस्टममधून निवृत्त झालेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडून बघितल्यामुळे दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसणं हा त्यांना अजून सरकारी अधिकार वाटतो.

"उस्ताज रऊफ," आवाज खाली आणून ते म्हणाले, "परदेशी माणूस दर शुक्रवारी तुमच्याकडे येतो, हे चौकीत कळवलंय का?"

"जेवायला येतो हो!"

"तुम्हाला वाटतं जेवायला येतो. एकदा कळवून ठेवा. त्याला सुगावा लागला की आपोआप बंद होईल."

मूर्खपणा असा की मी गेलो. खालच्या साहेबानं वर पाठवलं, वरच्यानं खाली. पुन्हा वर गेलो तर वरचे साहेब चहाला खाली गेलेले. शेवटी एकानं बसवून घेतलं.

"कशासाठी येतो तो?"

"सहज."

"सहज म्हणजे?"

"काही काम नसतं त्याचं."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "काम नसताना येतो? मग हे प्रकरण जास्तच नाजूक आहे. आमचा माणूस येऊन खात्री करेल."

पुढच्या शुक्रवारी क्लेग आले आणि पाठोपाठ खात्री करायला हवालदार बयूमी आला. हा मात्र रीतीचा माणूस. तीनदा नको म्हणाला आणि मग दोन माणसांचं जेवला. जाताना म्हणाला, "संशयास्पद काही दिसत नाही, पण एकदाच बघून काय कळतं? येऊन जाऊन राहीन." आता आमच्याकडे शुक्रवारी दोन पाहुणे झाले. नाहिद माझ्याशी फक्त "सरक" आणि "मीठ दे" एवढंच बोलू लागली.

मक्रमना याची लाज वाटली असेल असं समजू नका. ते म्हणाले, "मग गावाला जातो म्हणून सांगा!" आता मन्सुरासारख्या गावात जातो म्हणून न जाणं शक्य नाही, बाल्कनीत कपडे वाळताना दिसले की बोंब. तेव्हा भर हिवाळ्यात आम्ही खरोखरच रास-अल-बरला गेलो, समुद्रकाठी, नाहिदच्या बहिणीच्या बंद घरात. उन्हाळ्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं. खिडक्या थडथडत होत्या, वाळू दाराखालून आत येत होती, आणि आम्ही तिघं गोधड्या पांघरून डब्यातली सार्डिन खात बसलो होतो. तरी मी म्हणालो, "बघा, कसा शांत शुक्रवार आहे!"

बेल वाजली.

"इकडे आलोच होतो," क्लेग म्हणाले. नाक लाल, केस वाऱ्यानं उभे. "म्हटलं डोकावावं." एवढ्या थंडीत हा माणूस बसनं धक्के खात, अख्ख्या गावात पत्ता विचारत आला होता.

नाहिदनं माझ्याकडे पाहिलं. "आपण इथे आहोत हे त्याला कुणी सांगितलं?"

"मीच. जातोय म्हणून सांगितलं तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"म्हणालो, तुम्हीही या ना समुद्रावर."

"रऊफ!"

"अगं, तोंडातून निघून गेलं! सवयीनं!"

दालिया गोधडीत तोंड खुपसून हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

शेवटी मक्रमनी काम अंगावर घेतलं. क्लेगना कॉफीच्या दुकानात बसवलं, सोंगट्या मांडल्या आणि एक डाव टाकता टाकता आमची सगळी रीत फोड करून सांगितली : नावाडी, तीनदा आग्रह, छातीवर हात, सगळं. वर येऊन मला म्हणाले, "झालं तुमचं काम. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणाला, म्हणजे मला मुलुखिया खायची गरजच नव्हती?"

त्या शुक्रवारी बेल वाजली नाही. म्हणजे वाजली, पण बयूमीची. दालियाला तंगडी मिळाली. नाहिद मला "अजून घे ना" म्हणाली. मी ढेकर दिला आणि इंग्रजांविषयी माझ्या मनात थोडी मायासुद्धा उत्पन्न झाली.

ती दोनच दिवस टिकली. हाझिम केंद्रावर मला शोधत आला. पोरगा आनंदानं फुलला होता. "अंकल, आई येतेय या शुक्रवारी! स्वतःहून म्हणाली!"

"अरे वा! कशी काय तयार झाली?"

"दुकानात कुणीतरी बोललं, उस्ताज रऊफांकडे इंग्रज साहेब दर शुक्रवारी जेवायला असतात, घरच्यासारखे. आई म्हणाली, ज्या घरात असली ऊठबस आहे ते घर बघायलाच हवं. तिला साहेबांना भेटायचंय."

मी घरी आलो. ऐकून नाहिद मटकन खाली बसली.  दालियानं फक्त विचारलं, "बाबा, ते येतील ना?" या मुलीनं लहानपणापासून माझ्याकडे कधी हट्टानं काही मागितलं नाही. पायजमा शिवून घेतला तर तोही आईचा उरलेला कपडा बघून.  मी म्हणालो, "येतील म्हणजे? ओढून आणतो!"

क्लेगची खोली नाईलच्या काठाला होती. मला बघून ते फार खूश झाले, चहा टाकतो म्हणाले. मी रीतीप्रमाणे नको म्हणालो, तर त्यांनी लगेच किटली खाली ठेवली. मी थेट विषयाला हात घातला.

"मिस्टर क्लेग, या शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या."

त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि डोकं वाकवलं. "आभारी आहे. तुमचं चालू द्या."

"नाही, नाही, खरंच या!"

"आपला मोठेपणा आहे. पुन्हा कधीतरी."

"अहो, मी मनापासून बोलावतोय!"

क्लेगचे डोळे चमकले. "हेही सांगितलं होतं मक्रमनी, मनापासून असंही म्हणतात म्हणून. तिसऱ्यांदा ना हे? नको, खरंच नको."

 शेवटी आमच्याकडे बाप्ये जी शेवटची शपथ घालतात ती मी घातली. म्हणालो, "तुम्ही आला नाहीत तर माझ्या बायकोला तलाक!"

क्लेग उठून उभे राहिले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तलाकपर्यंत! मक्रम म्हणाले होते की फार मानाच्या माणसासाठी लोक तिथपर्यंत जातात. मी हे जन्मभर विसरणार नाही, उस्ताज रऊफ." आणि त्यांनी मला इतक्या आदरानं दारापर्यंत पोचवलं की रस्त्यावर आल्यावर मला कळलं, मला घालवलंय. मुलीच्या लग्नाची गोष्ट आहे हे मी सांगायला हवं होतं, म्हणाल तुम्ही. सांगितलं, जिन्यातून ओरडून सांगितलं! वरून आवाज आला, "अभिनंदन! अभिनंदन!"

शुक्रवारी मॅडम शाहिंदा आल्या. भरगच्च बाई, सोन्यानं मढलेली. आधी पडदे बघितले, मग गालिचा, मग आम्हाला. हाझिम मागे मिठाईचं खोकं घेऊन उभा. नाहिदनं बदक, कबुतरं, कोबीच्या पानात भात भरून महशी, जे जे सुचलं ते सगळं केलं होतं. एक खुर्ची रिकामी होती आणि बाईची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"साहेब नाही दिसत?"

"येतीलच," नाहिद म्हणाली. "त्यांचं काय, घरचेच आहेत."

बेल वाजली. शाहिंदाबाईंनी पदक घ्यायला उठावं तशी ओढणी सारखी केली. मी मनातल्या मनात क्लेगचे पाय धरले आणि दार उघडलं. बयूमी! अंगात पुरता युनिफॉर्म.

"आज आपला माणूस आला नाही का हो?" दारातूनच त्यानं मोठ्यानं विचारलं. "मग वर काय कळवू? पळाला म्हणू?"

मॅडम शाहिंदांचा घास हातातच राहिला. "या घरावर पोलिसांची नजर आहे?"

"नजर नाही हो, फक्त खात्री," बयूमी नम्रपणे म्हणाला, आणि तीनदा नको म्हणून त्या रिकाम्या खुर्चीवर बसला.

त्यानंतर फातिहाचं नावही निघालं नाही. चहा अर्धा टाकून बाई उठल्या. मी म्हणालो, "इतक्यात कुठे?" पण माझं कुणी ऐकलं नाही. दारात त्यांनी नाहिदच्या गालाला नुसते ओठ टेकवले आणि गोड हसून म्हणाल्या, "तुम्हीही या हं आमच्याकडे कधीतरी. आपलंच घर आहे." हाझिम मान खाली घालून जिना उतरला.

दार लागलं. नाहिद म्हणाली, "निदान या तरी म्हणाली."

"म्हणाली," मी म्हणालो. मी या विषयाचा जाणकार. त्या वाक्याचा अर्थ, वापर आणि मुक्काम मला पक्का ठाऊक होता. पण माझ्या पोरीसमोर तो फोडून सांगायला माझी जीभ रेटेना. नाहिदला समजलं. तिनं तोंडाला ओढणी लावली आणि मग एकदम म्हणाली, "आणि तो मेला आला नाही, तर माझा तलाक झाला का ते आधी सांग."

"मनात नव्हतं माझ्या!"

"तुझ्या मनात कधी काय असतं रे?"

दालिया ताटं उचलत होती. रडत नव्हती. ती म्हणाली, "शाहिंदा आंटींनी बोलावलंय ना? मग जायचं आपण. पुढच्या शुक्रवारी, जेवायच्या वेळेला."

"अगं वेडे, तसं जायचं नसतं! तो अर्थच नसतो त्याचा!"

"मिस्टर क्लेगना कुठे ठाऊक होता अर्थ? माझी तंगडी मिळाली ना त्यांना? तुम्ही काढू शकलात का त्यांना बाहेर, पोलीस आणूनसुद्धा?"

मी तिला आमच्या घराण्याच्या अब्रूबद्दल बरंच काही ऐकवलं. तिनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा चांगला कोट इस्त्रीला टाकला.

शुक्रवारी आम्ही तिघं शाहिंदांच्या दारात उभे होतो. नावाड्याच्या बोलावण्यावर नदीत उडी घेणारा आमच्या खानदानातला मी पहिला पुरुष. कॉलर काचत होती, कान तापले होते, आणि बेल दाबायला माझा हात उठेना, तेव्हा दालियानंच ती दाबली.

दार उघडलं. मॅडम शाहिंदा घरच्या झग्यात, केसांना रोलर, हातात डाव. आतून तळलेल्या माशाचा वास येत होता. बाईनं आम्हाला पाहिलं, मागे जिन्यात आणखी कुणी आहे का पाहिलं, आणि मग पुन्हा आम्हालाच.

"आंटी, तुम्ही या म्हणाला होतात," दालिया म्हणाली.

 आत टेबलाशी हाझिम ताडकन उठला आणि पळत जाऊन तीन खुर्च्या घेऊन आला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग ओठांवर ते गोड हसू कसंबसं आणत मला म्हणाल्या, "या ना, बसा आमच्याबरोबर जेवायला."

माझा उजवा हात आपोआप छातीकडे निघाला. दालियानं तो वाटेतच धरून खाली ओढला.

"बसतो," ती म्हणाली. "भूक लागलीय."